भट्टीचं पाणी

"तुमच्या घरात आधी कुणाला असं झालं होतं का?" डॉक्टरने विचारलं आणि मोठ्या वहिनी खुर्चीत सावरून बसल्या. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. घराण्याबद्दल कुणी विचारलं की वहिनींना अंगात ताप असला तरी हुशारी यायची.

"झालं होतं का म्हणजे? सगळ्यांनाच झालं," त्या म्हणाल्या. "मिस्त्रीआजोबा भट्टीसमोर कोसळले. मामंजी जेवता जेवता गेले. आमचे हे तर ऑफिसात, हातात फोन, आणि पलीकडचा माणूस आपला हॅलो हॅलो करतोय. आमच्या घराण्याच्या शिराच पातळ, डॉक्टर. दिसायला एकेक वाघ, पण साठी कुणी बघत नाही."

डॉक्टर वयाने लहान होती, त्यांच्या लेकीएवढी असेल. लिहिता लिहिता तिने वर पाहिलं. "मिस्त्रीआजोबा म्हणजे तुमच्या वडिलांचे वडील?"

"नाही हो. सासऱ्यांचे वडील. काचेचा कारखाना त्यांनीच उभा केला."

"आणि मामंजी म्हणजे सासरे. हे म्हणजे तुमचे पती."

"हो."

"माहेरी कुणाला रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास?"

"माहेरी कुणाला काय होणार?" वहिनी हसल्या. "माझे वडील म्हातारपणीसुद्धा सायकलवर फिरायचे. त्यांना साधी सर्दी व्हायची नाही."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही आत्ता ज्यांची नावं घेतलीत, त्यांच्यात तुमच्या रक्ताचं कोण आहे?"

वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. शेजारी बसलेली धाकटी जाऊ त्यांच्याकडे बघतच राहिली. उत्तर शाळेतल्या पोरालाही देता आलं असतं. पण वहिनी त्या घरात इतक्या मुरल्या होत्या की लग्नात आडनाव बदललं तसं रक्तही बदललं असणार, असंच बहुधा त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. आणि खरं सांगायचं तर धाकटीलाही. गेल्या आठवड्यात वहिनी कारखान्याच्या आवारात चक्कर येऊन पडल्या, तेव्हा 'घराण्याच्या शिरा, दुसरं काय' असं पहिल्यांदा म्हणणारी तीच होती. आता तिला स्वतःच्या अकलेची कीव आली.

"तुमची दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त कामातून गेली आहेत," डॉक्टर सांगत होती. "हे दगदगीने किंवा दुःखाने झालेलं नाही. दहा-बारा वर्षं रक्तदाब वाढलेला असणार आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नव्हता."

वहिनींनी सवयीने पिशवीत हात घातला, बाटली काढली आणि दोन मोठे घोट घेतले.

"त्यात काय आहे?"

"पाणी. आमचं घरचं. भट्टीचं पाणी म्हणतो आम्ही."

डॉक्टरने बाटली मागून घेतली, तळहातावर चार थेंब ओतून जिभेला लावले आणि तोंड असं केलं की वहिनींना रागच आला. घरच्या पाण्याचा अपमान त्या ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. मिस्त्रीआजोबा भट्टीसमोर दिवसभर नळीत फुंकर घालून काच फुगवायचे, घामाने अंगरखा भिजून निघायचा, म्हणून ते पाण्यात मीठ घालून प्यायचे. घामाने जातं ते पाण्याने भरून काढायचं, असा त्यांचा हिशेब. त्यांनी स्वतःच्या फुंकरीने केलेला जाड, हिरवट काचेचा जग अजून घरात आहे. रोज त्यात तेच पाणी भरतात. दोन्ही वेळच्या जेवणाआधी प्रत्येकाने एकेक पेला प्यायचा. नवी सून आली की पहिल्या दिवशी तिलाही. तोंड वाकडं न करता प्यायली की ती भट्टीची झाली.

"आणि स्वयंपाक?"

"त्यालाही हात सढळ असतो आमच्याकडे. पाहुण्यांना सोसत नाही."

"आता भट्टीसमोर कोण उभं राहतं तुमच्यापैकी?"

"आता कोण राहणार? यंत्रं आली कधीच. आम्ही सगळे ऑफिसात. एसी आहे."

बोलता बोलता वहिनींच्याच कानांना ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी बाटलीकडे पाहिलं. डॉक्टरने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली टेबलाच्या आपल्या बाजूला ठेवून घेतली.

मग तिने एकेक गोष्ट सांगितली. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या माणसाला ते मीठ कदाचित मानवलं असेल, बसून काम करणाऱ्याला नाही. वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं, दुखत नाही, खुपत नाही, आणि आतून रक्तवाहिन्या झिजत जातात. घरातल्या प्रत्येकाला तपासून घ्या. गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही, पण उरलेलं सांभाळता येतं. "सवय मोडायचं फार भय बाळगू नका. दोन-तीन आठवडे जेवण पाणचट लागेल, मग जीभ सरावते."

"म्हणजे रक्तात काही नसतं?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"अगदीच नसतं असं नाही. काही घरांत कल जास्त असतो. पण तुमच्या या जाऊबाईंचं काय? यांना कुणाचं रक्त लागलं? एका घरात सगळ्यांचं ताट एकच असतं."

"मग अशा घरात..." धाकटी अडखळली. "अशा घरात कुणी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तर ते..."

"का?" डॉक्टरला खरंच कळलं नाही. "रक्तदाब असलेल्या आई-बापांना मुलं होतातच की. मी तरी आजवर कुणाला नको म्हटलेलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं असं?"

धाकटी आठवू लागली. कुणी सांगितलं? कोणत्या डॉक्टरने, कोणत्या दवाखान्यात? मामंजी गेले त्या वर्षी तिचे यजमान भाऊसाहेब म्हणाले होते, "माझ्या शिरा मी कुणाला देणार नाही." सगळं घर रडलं होतं. केवढा त्याग, सगळे म्हणाले होते. विचारायला मात्र कुणीच गेलं नव्हतं, कारण घरात सगळ्यांना ते माहीतच होतं.

*

रविवारी दुपारी सगळे जेवणाच्या टेबलाशी जमले, ते वहिनींच्या तब्येतीचं काय करायचं हे ठरवायला. मधोमध जग होता, नेहमीसारखा भरलेला. धाकटीने तो तसाच राहू दिला. तिला सांगायचं होतं ते जगासमोरच सांगायचं होतं.

समोर सासूबाई. वयाची ऐंशी उलटलेली, पण पाठ ताठ, दात स्वतःचे, आणि सुईत दोरा अजून स्वतः ओवणाऱ्या. त्यांच्या शेजारी वहिनी. टेबलाच्या दूरच्या टोकाला वहिनींची लेक भिंगरी, जिला लहानपणी एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं आणि आता पोटाच्या भारामुळे बसावंच लागत होतं. ती मुद्दाम दूर बसली होती, कारण या टोकाला भाऊसाहेब होते. दिवस राहिल्याचं तिने सांगितलं त्या दिवसापासून काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. "आम्ही सोसलं ते काय उगाच?" एवढं म्हणून ते त्या दिवशी ताटावरून उठले होते. तेव्हा वहिनींनीही लेकीला सोडून दिराचीच बाजू घेतली होती.

धाकटीने सगळं सांगितलं. डॉक्टरने रक्ताचं काय विचारलं, पाण्याची चव कशी घेतली, कुणाकुणाला तपासायला सांगितलंय. एकच गोष्ट तिने सांगितली नाही. मुलाबद्दल तिने काय विचारलं होतं ती.

"झालं?" भाऊसाहेब म्हणाले. ते मोठ्याने बोलले नाहीत. ते चिडले की आवाज खाली जायचा. "चार पुस्तकं वाचलेली पोरगी आपल्याला पाणी कसं प्यायचं ते शिकवणार. पाण्याने माणसं मरतात होय? या पाण्यावर कारखाना उभा राहिला."

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "मग मला कशाने झालं?"

"तुम्ही दादा गेल्यापासून काळजीने पोखरून निघालात."

"डॉक्टर म्हणते दहा-बारा वर्षांचं दुखणं आहे. तेव्हा तुमचे दादा चांगले हिंडत-फिरत होते. तेव्हा मला कसली काळजी होती?" वहिनींचा स्वर चढला. भाऊसाहेबांच्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या वहिनी अशा बोलतात हे सगळ्यांनाच नवीन होतं; भिंगरीने तर डोळे विस्फारले. "मी तुमच्या घरची कुठलीच शीर घेऊन आले नाही. मी पेला तेवढा प्यायले. रोज. पहिल्या दिवशी मामंजी म्हणाले, ही खरी भट्टीची, तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. केवढा आनंद झाला होता मला! त्या कौतुकापायी दुपारी तहान नसताना दोन-दोन पेले प्यायचे मी."

"योगायोग असतात."

"अहो, ऐकून तरी घ्या," धाकटी म्हणाली.

"काय ऐकू?" आता ते तिच्याकडे वळले, आणि त्यांच्या डोळ्यांत तिला राग दिसला नाही. भीती दिसली. एखादा माणूस दार आतून दाबून धरतो तसे ते बोलत होते. "एका बाटलीवरून तुम्ही तीन पिढ्यांचा निकाल लावायला निघालात. मग माझी आई? आईकडे बघा ना! साठ वर्षं झाली तिला या घरात. हेच पाणी, हेच जेवण. आहे कुणी तिच्यासारखं ठणठणीत? ती कुठे आमच्या रक्ताची? पाण्यात दोष असता तर ती आधी गेली असती. रक्तात आहे म्हणूनच पुरुष गेले आणि ती राहिली. सांग आई, सांग यांना!"

हे हुकमाचं पान होतं आणि ते बिनतोड होतं. वहिनी गोंधळल्या. धाकटीलाही क्षणभर वाटलं, खरंच की. आणि त्याच क्षणी तिला इतकं हायसं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. पाण्यात दोष नसू दे, तिच्या मनात आलं. देवा, रक्तातच असू दे.

सासूबाई समोरच्या आपल्या पेल्याकडे बघत होत्या. तो निळ्या काचेचा होता. बाकी सगळ्यांचे पांढरे, त्यांचा एकटीचा निळा, आणि तो जेवायच्या आधीच भरून त्या स्वयंपाकघरातून घेऊन यायच्या. त्याबद्दल कधी कुणाला काही वाटलं नव्हतं. म्हातारीची आवड.

"आई?"

"मी नाही प्यायले," सासूबाई म्हणाल्या.

"काय नाही प्यायलीस?"

"हे." त्यांनी जगाकडे बोट केलं. "पहिल्या दिवशी प्यायले. मागच्या अंगणात जाऊन ओकले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी माझा पेला आतूनच साध्या पाण्याने भरून आणायला लागले. निळा पेला मागून घेतला, म्हणजे कुणाला कळायला नको. हे म्हणायचे, बघा, माझी बायको कशी गटागट पिते."

भिंगरीने हळूच हात लांब करून आजीचा निळा पेला उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. "साधंच आहे," ती म्हणाली.

"आणि जेवण?" वहिनींनी विचारलं. "जेवण तर एकच होतं ना, आई? वर्षानुवर्षं मी स्वयंपाक केलाय या घरात."

"तू एकदा मीठ घालायचीस, आणि मग सगळ्यांना पुरत नाही म्हणून वाढायच्या आधी दुसऱ्यांदा. त्या दुसऱ्या मिठाच्या आधी मी माझ्यापुरतं काढून घ्यायचे. चाखून बघते म्हणायचे." सासूबाईंनी निळा पेला दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतला. "मला लाज वाटायची गं. सगळे पितात, मला एकटीलाच सोसत नाही. माझ्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायचं. नाजूक माहेरची आणली म्हणतील, भट्टीची नाही म्हणतील. मला काय ठाऊक ते... मला वाटलं, चवीचंच तर आहे! नवरा गेला, पोरगा गेला, आणि मी इथे रोज साधं पाणी पीत बसले होते. एकदा बोलले असते. एकदा पेला खाली ठेवून म्हटलं असतं की मी नाही पिणार."

वहिनींनी तोंडावर पदर घेतला. त्या सासूबाईंवर चिडतील असं धाकटीला वाटलं, चिडायचा हक्कही होता. पण त्यांनी म्हातारीचे हात धरले आणि दोघी तशाच बसल्या. ज्या दोघींचं कधी एका भाजीवर एकमत झालं नव्हतं, त्या दोघी.

मग भिंगरी हसली. ते हसू अगदी चुकीच्या वेळी आलं आणि तिला ते आवरता येईना. डोळ्यांत पाणी, आणि हसतेय. "म्हणजे शिरा पातळ वगैरे काही नाही? आई, म्हणजे माझ्या बाळाला... मी रात्र रात्र झोपत नाही गं. कुशीवर वळले की वाटतं, हे पण त्यांच्यासारखंच जाणार. म्हणजे तसं काही नाही?"

"तपासून घ्यायचं तुझं," वहिनी रडत रडत म्हणाल्या. "पायांवर सूज आहे तुझ्या. हे पाणी आजपासून बंद. पण नाही गं, तसं काही नाही." आणि त्यांनी लेकीला जवळ ओढलं. सासूबाई दोघींच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. केवढं मोठं ओझं उतरलं होतं त्या टोकावरून! घराण्यावरचा शाप गेला, असं कुणी म्हटलं नाही, पण त्या तिघींच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं.

टेबलाच्या या टोकाला भाऊसाहेब आणि धाकटी एकमेकांकडे न बघता बसले होते.

कारखान्यात तान्ह्या मुलांच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या व्हायच्या. पॅकिंगचा विभाग धाकटीकडे होता. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्या बाटल्या हातात घेतल्या की तिचा जीव खालीवर व्हायचा, मग तिने हातांना न बघता काम करायला शिकवलं. आता कागदात गुंडाळून खोक्यात ठेवेपर्यंत तिला कळतही नसे की हातात काय आहे. हे आपण कुणासाठी सोसतो आहोत, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. न जन्मलेल्या एका जिवाला आपण एका वाईट मरणातून वाचवलं, असं तिने मनाशी धरलं होतं. त्यावरच ती जगली होती. आता कळत होतं की वाचवायला तिथे काहीच नव्हतं. मूल झालं असतं. साधं पाणी प्यायलं असतं, वाढलं असतं, आणि आज या टेबलाशी बसून उलट उत्तरं देत असतं.

तिला राग आला, इतका की हात टेबलाखाली धरून ठेवावे लागले. आणि तो कुणावर काढायचा? मिस्त्रीआजोबांवर? त्यांनी घाम गाळला. सासूबाईंवर? त्या लाजल्या. नवऱ्यावर? त्याने तर स्वतःचंही तेवढंच गमावलं होतं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की कुणीतरी एकदा, फक्त एकदा, विचारायला जायला हवं होतं, आणि त्या कुणीतरीमध्ये ती स्वतःही होती.

वहिनींच्या ध्यानात आलं ते तेव्हा. लेकीला मिठीत घेतल्या घेतल्या त्यांनी मान वर केली, या टोकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "धाकटे," त्या म्हणाल्या. "अगं, धाकटे... तुमचं..." भिंगरीचं हसू जिथल्या तिथे थिजलं. सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं आणि त्यांना आता कळलं की आपल्या निळ्या पेल्याने आणखी काय गिळलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या. "भाऊ रे."

भाऊसाहेब उठले. ते खोलीत जातील असं सगळ्यांना वाटलं. ते स्वयंपाकघरात गेले आणि साध्या पाण्याचा पेला भरून घेऊन आले. टेबलाला वळसा घालून त्यांनी तो भिंगरीसमोर ठेवला.

"हे पी," ते म्हणाले. इतक्या दिवसांत तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द. "आणि पाय वर घेऊन बस. खाली लोंबकळत ठेवू नकोस."

"काका..."

"पी आधी."

ती प्यायली. भाऊसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ तिथे राहिला, आणि मग ते परत येऊन आपल्या खुर्चीत बसले. सवयीने त्यांचा हात जगाकडे गेला. पेला अर्धा भरून झाल्यावर त्यांना कळलं. त्यांनी तो ओतला नाही, प्यायलेही नाहीत. नुसता धरून बसले.

कुणीतरी वाढायला हवं होतं, म्हणून धाकटी उठली. दुसरं मीठ आज कुणी घातलं नव्हतं. तिने रस्सा वाढला, बटाटे वाढले, पाव ठेवला. भाऊसाहेबांनी एक घास घेतला आणि तो तोंडात घोळवत राहिले.

"काही चवच नाही," ते हळूच म्हणाले.

"लागेल."

"किती दिवस म्हणाली ती डॉक्टर? जीभ सरावायला?"

"दोन-तीन आठवडे."

भाऊसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मूल नको म्हणाले होते त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ते तिच्याकडे असं सरळ बघत होते.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

धाकटीने होकारार्थी मान हलवली. मग तिने त्यांच्या हातातला पेला सोडवून घेतला आणि त्यांच्या ताटात आणखी थोडा अळणी रस्सा वाढला.